उलटं बेट

मागच्या सोमवारी आमच्या टीममधला एक जण मॉरिशसहून परत आला. नवीनच लग्न झालंय, त्यामुळे लंच टाईमला फोटोंचा कार्यक्रम झाला. निळं पाणी, उसाच्या हिरव्या रांगा, मधूनच काळे कभिन्न दगड... आणि प्रत्येक तिसऱ्या फोटोत तो आणि ती. (चालायचंच.) सगळ्यांचं 'वॉव' म्हणून झाल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे पण आहे असं एक बेट."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"बुलढाणा जिल्ह्यात."

यावर जे हसणं सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. ग्रुपचं नाव त्या दिवसापासून 'बुलढाणा बीच' आहे. समुद्र आमच्यापासून चार-पाचशे किलोमीटर लांब, तेव्हा हसणाऱ्यांना दोष देत नाही. पण मी अगदीच फेकत नव्हतो, एवढं आज सांगायचंय.

रात्री घरी आलो आणि सहज नकाशा उघडला. लोणार विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २० अंशांवर आहे, मॉरिशस दक्षिणेला तितक्याच अंशांवर. म्हणजे कागद मधोमध दुमडला तर दोघं साधारण समोरासमोरच्या रेघेवर येतात. अजून एक गंमत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यानं आपलं दख्खनचं पठार घडवलं, तो जमिनीखालच्या एका तप्त जागेतून वर आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकत निघून गेला, ती जागा मागेच राहिली, आणि फार उशिरा तिनंच समुद्रात मॉरिशस आणि रीयुनियन ही बेटं उभी केली. तेव्हा त्याच्या फोटोतले काळे दगड आणि आमच्या वावराच्या धुऱ्यावरचे काळे दगड एकाच घरातले निघाले. मावसभाऊ म्हणा!

लोणार माझं आजोळ. आम्ही चिखलीचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हाला एसटीत कोंबायची, मेहकरला गाडी बदलायची, आणि पुढच्या गाडीत कंडक्टर हमखास आईच्या ओळखीचा निघायचा. लोणारला उतरलं की गावाच्या बाजूला जमीन एकदम संपते. समोर साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोल, आणि तळाशी हिरवट पाणी. पहिल्यांदा बघणारा माणूस दोन मिनिटं बोलत नाही. आमच्यासारखे पोट्टे मात्र लगेच खाली पळायचे.

हे सरोवर उल्केनं झालं, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण ते इतकं सरळ नव्हतं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि नंतरची दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा खड्डा की आणखी काही, यावर वाद चालू होता. तळात भोकं पाडून काढलेल्या खडकात जबर धक्क्यानं तयार होणारी काच सापडली. १९७३ साली ते संशोधन छापून आलं, तेव्हा वाद मिटला. वय मात्र अजून पक्कं नाही. आधी ५२,००० वर्षं म्हणत, २०१० साली दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर ५,७०,००० आलं. एस्टिमेट दहापटीनं चुकलं म्हणून मला एकदा मॅनेजरनं तासभर झापलं होतं, तेव्हा ही बातमी फार उपयोगी पडली असती. आजीचं एस्टिमेट यापेक्षा सोपं होतं: इथं लवणासुर राहायचा, विष्णूनं त्याला मारलं, पाणी खारट झालं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहेच पुराव्याला.

तर बेट. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन. आमचं उलटं. चारी बाजूंनी जमीन, तीही कोरडी. वर मे महिन्यात सगळं पिवळं पडलेलं असतं. सोयाबीन-कापूस-तुरीची वावरं नांगरून उघडी पडलेली, धूळ, आणि उन्हानं पांढरं झालेलं आभाळ. आणि या सगळ्याच्या मध्ये एका वाटीत झाडी, मोर, माकडं, घोरपडी. धारेजवळून पायऱ्या उतरताना दर दहा पायऱ्यांनी अंगावरचा उकाडा कमी होत जातो, आणि हवेत ओला वास येतो. अगदी खाली पाण्याजवळ गेलात की तो वास बिघडतो. शेवाळ सडल्याचा वास आहे तो. बाहेरच्या माणसाला मळमळतं. मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

आणि त्या वाटीत, झाडी आणि पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात मामांचं वावर होतं.

दीड एकर. त्यातलं किती कागदावर, किती नुसतं वहिवाटीचं, हे मला कधी नीट कळलं नाही, आणि मामांनाही ते सांगायची फारशी हौस नव्हती. वरून झऱ्याचं पाणी उतरायचं, त्याला चारीनं वळवून घ्यायचं. मोटर नाही, वीजबिल नाही, लोडशेडिंगची कटकट नाही. केळी, पपई, मका, थोडी भेंडी. आसपासही तेच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कास्तकार मृगापासून आभाळाकडे डोळे लावून बसतो, आणि इथे मामा मे महिन्यात केळीला पाणी देतायत! आता विचार केला तर तो चमत्कार होता. तेव्हा आम्हाला फक्त एवढंच माहीत होतं की घड उतरवला की तो डोक्यावर घेऊन सगळ्या पायऱ्या चढायच्या असतात. वर पोचल्यावर मामी प्रत्येकाला दोन केळी द्यायची. मजुरी म्हणून.

खालच्या पाण्याची आमच्यासाठी एकच मोठी जादू होती. कोणाच्या तरी सदऱ्यावर वरणाचा डाग असायचाच. तो पाण्यात बुडवला की हळद पिवळ्याची लालभडक व्हायची. हळद क्षारात लाल होते, हे शाळेत बाईंनी शिकवलं तेव्हा मी एकटाच वर्गात निवांत होतो. आईन-ए-अकबरीत या भागाचं वर्णन करताना काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथं मिळतं असं लिहिलेलं आहे. मामीनं आईन-ए-अकबरी वाचलेली नव्हती. पण चादरी धुवायला ती खालीच यायची.

तेव्हा पर्यटक म्हणजे कोण? नवरात्रात कमळजा देवीला येणारे आसपासचे लोक. ते भाविक, त्यांना पर्यटक म्हणायचं नाही. धारेवर आंघोळीला येणारे. आणि वर्षातून दोन-चार गोरे, खांद्याला पिशवी, हातात हातोडी. एका गोऱ्याची दगडांची पिशवी मामांनी वरपर्यंत वाहून नेली आणि त्यानं वीस रुपये दिले. मामांना ते इतकं विनोदी वाटलं की पुढे कित्येक वर्षं ते सांगायचे, "आपलेच दगड, आपनच उचलले, अन् पैसे त्यानं देल्ले!" मला वाटतं लोणारच्या टूरिझमची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

इथं जरा कंटाळवाणं पण महत्त्वाचं सांगतो. या खड्ड्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झरे आत येतात, पाऊस आत येतो, गावातलं सांडपाणीही येत राहिलं. बाहेर जायचा मार्ग एकच, वाफ होऊन. वाफ जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं असं होत होत पाणी इतकं अल्कधर्मी झालं की त्याचा पीएच दहाच्या आसपास पोचला. त्यात मासे राहत नव्हते. राहायची ती स्पिरुलिनासारखी शेवाळं आणि असे जिवाणू, ज्यांना आपल्या साध्या पाण्यात जगता येणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर या सिस्टीमला इनपुट आहे, आउटपुट नाही. आत टाकलेलं काहीही आतच साठणार. मामांनी केळीला टाकलेला युरियासुद्धा.

लहान बेटांचं सगळीकडे हेच असतं. तिथं हिशेब बंद असतो, जरा काही घातलं-काढलं की लगेच दिसतं. मॉरिशसवर माणसं वस्तीला आली आणि शंभरेक वर्षांत डोडो संपला. जंगल तोडून ऊस लावला. उसासाठी भारतातून मजूर नेले, त्यात आपली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथं गणपती बसवतात. मग साखरेचे दिवस उतरले आणि पर्यटन आलं. आमच्या वाटीत डोडो नव्हता. बाहेरून आलेली वेडी बाभूळ होती. ती अशी माजली की जुन्या झाडांना जागा राहिली नाही, आणि पुढे ती उपटायची मोठी मोहीम काढावी लागली.

आता माझ्याबद्दल. हे लिहायचं की नाही यावर दोन शनिवार घालवलेत.

२००७-०८ च्या सुमारास मी पुण्यात नवीन होतो. क्यूबिकल, चकचकीत आयकार्ड, आणि फॉरवर्ड मेल्सचा सुकाळ. कॉलेजच्या एका मित्राकडून 'लोणार वाचवा' असा मेल आला. खाली सह्यांची यादी, वर मागण्या. सांडपाणी थांबवा, बेकायदा बांधकामं थांबवा, आणि तिसरी की चौथी: विवराच्या आतलं शेतीचं अतिक्रमण हटवा. मी मागण्या वाचल्या. खोटं कशाला बोलू, नीट वाचल्या. आणि वर स्वतःचा एक परिच्छेद जोडला, आजोळ, बालपण, जागतिक वारसा वगैरे; चांगला झाला होता. साठ-सत्तर जणांना पाठवला. ऑनसाईट असलेल्या मित्रांनीही सह्या केल्या. "तुझं गाव आहे? ग्रेट यार!" असे रिप्लाय आले आणि मी दिवसभर हवेत होतो.

'शेतीचं अतिक्रमण' या शब्दांपाशी माझ्या डोळ्यांसमोर मामा आलेच नाहीत. कोणी तरी लोभी माणूस आला. ट्रॅक्टरवाला, गॉगलवाला. दीड एकरात केळी लावणारा, डोक्यावर घड घेऊन पायऱ्या चढणारा माणूस त्या शब्दात बसतच नव्हता.

आतली शेती पुढे टप्प्याटप्प्यानं बंद झाली. ती माझ्या मेलमुळे झाली असं समजण्याइतका मी मोठा नाही. २००० सालीच तिथं अभयारण्य जाहीर झालेलं होतं, पुढे याचिका नागपूर खंडपीठापर्यंत गेल्या, आणि शास्त्रज्ञ जे सांगत होते ते बरोबरच होतं. खतं-औषधं त्या पाण्यात जाऊ देणं म्हणजे जगातली एकमेव गोष्ट आपल्या हातानं बिघडवणं. बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेलं असं खाऱ्या पाण्याचं विवर दुसरं आहे कुठं? आजही तो मेल आला तर मी सही करेन. फक्त आधी मामांना फोन करेन. तेव्हा केला नाही, त्यांच्याकडे फोन होता तरी.

मामांना मेलबद्दल कधी सांगितलं नाही. भरपाईचं काय झालं हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे ना बावा." आमच्याकडे या वाक्याचे वीसेक अर्थ होतात. त्या दिवशीचा अर्थ मी जास्त उकरला नाही. मग काही वर्षं ते दुसऱ्याच्या वावरात जात होते. ज्यानं बारमाही पाण्यावर स्वतःची केळी काढली, तो माणूस सोयाबीन सोंगायला मजुरीनं जात होता.

२०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊनमध्ये सरोवर गुलाबी झालं. तुम्हाला आठवत असेल, सगळ्या जगात फोटो फिरले. कोर्टानं नमुने तपासायला सांगितलं, आमच्या पुण्यातल्याच आघारकर संस्थेनं सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, त्यांच्या रंगानं हे झालं. पाणी कमी झालं होतं, क्षार वाढले होते. त्याच वर्षी लोणारला रामसरचा दर्जाही मिळाला. मी त्या आठवड्यात प्रत्येक कॉलमध्ये पहिली पाच मिनिटं लोणारवर बोलत होतो. मामांना फोन केला तर म्हणाले, "गुलाबी झालं म्हनतेत. आमाले खाली जाऊ देत नाहीत. तुह्याकडं फोटो असन तर पाठव."

मी पुण्यातून मामांना लोणारचा फोटो पाठवला. तिथून जेमतेम एक किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला.

यंदा हिवाळ्यात जाऊन आलो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरपर्यंत गाडी कशी आली ते कळत नाही. चढावर घरघरणारी ती एसटी आता माझ्या पोरीला सांगूनही खरी वाटत नाही. मामेभाऊ आता गाईड झालाय. छान बोलतो, थोडं इंग्रजी, बरंच हिंदी. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांत बरी कमाई होते, एरवी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. "दादा, वावरात काय होतं? अन् पायऱ्या चढून मरायचं," तो म्हणाला, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणवलं नाही. त्याचे गुडघे शाबूत आहेत. मामांचे नाहीत.

त्या दिवशी त्याच्याबरोबर पुण्याचंच एक कुटुंब होतं. आम्हीही मागे मागे निघालो. मामा म्हणाले, "चाल, म्या पन येतो. लय दिवस झाले." हळूहळू, कठड्याला धरून. मामेभावाचं काम मात्र सराईत होतं. उल्केचा वेग, खड्ड्याचा व्यास, मग खिशातून हळदीची पुडी काढून तिचा लाल रंग करून दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. (माझ्या सदऱ्याची रॉयल्टी मिळायला हवी.) मग त्यानं डावीकडे हात केला, जिथं आता गवत आणि झुडपं वाढलीयत, आणि म्हणाला, "सर, यहाँ पहले अतिक्रमण था, खेती का. अब सब हटा दिया, नेचर वापस आ रहा है."

मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी त्या बाजूला पाहिलं, मग खाली पायरीकडे. मी त्यांच्या पोराकडे पाहिलं, तर तो पुढच्या वाक्यावर गेला होता. त्याला वाईट वाटलं असं नाही, वाटलं नाही असंही नाही; दिवसातून तीन वेळा बोलायचं वाक्य आहे ते. आणि शब्द तरी त्याचा कुठे होता? तो शब्द मी साठ-सत्तर जणांना पाठवला होता, त्याच्या कितीतरी आधी.

मंडळी पुढे गेली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. खाली पाणी फार वर आलेलं दिसत होतं. गेल्या काही वर्षांत झरे जोरात आहेत, पाऊसही धो धो झाला, आणि पाणी वाढत वाढत कमळजेच्या देवळात शिरलं. जिथं आम्ही चादरी वाळत टाकायचो ती जागा आता पाण्याखाली आहे. जाणकारांना काळजी आहे ती याचीच, की एवढं गोडं पाणी आलं तर सरोवराचा खारटपणा पातळ होईल आणि त्यातले ते खास जीव जातील. आता तर पाण्यात मासेही दिसायला लागलेत म्हणतात.

मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. मी नेहमीसारखा पाच मिनिटं बोललो असेन.

"म्हंजे गोड्या पान्यानं बिघडते," ते म्हणाले.

"हो."

"आमी तेच तर अडवत होतो रे. चारी करून वावरात घेत होतो. तुमी म्हनले, बिघडवता. आता कोनी अडवत नाही तर मंग काऊन बिघडून राह्यलं?"

'तुमी' म्हणजे शहरातले लोक, सरकार, कोर्ट, शास्त्रज्ञ असं सगळं मिळून असावं. नक्की सांगता येत नाही. मी खतांबद्दल बोललो, पाण्याच्या प्रमाणाबद्दल बोललो, दीड एकरानं एवढ्या पाण्याचं काही होणार नव्हतं असंही म्हणालो, आणि ते सगळं खरं आहे. मामा मान हलवत होते. मग मी मेलचं सांगितलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं, सगळं, जोडलेल्या परिच्छेदासकट.

त्यांना मेल म्हणजे काय ते माहीत आहे, पण सह्या करून तो पुढे पाठवतात यात काय होतं हे नीट लक्षात आलं नाही. दोनदा विचारलं. मग म्हणाले, "माह्यं नाव लिव्हलं होतं का त्याच्यात?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून कठड्याला धरून उठले. वर चढताना तीन ठिकाणी थांबलो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एखादी खूण दाखवली. इथून चारी जायची, इथं आंबलेला घड फेकला होता, इथं तू पडला होतास.

निघताना मामीनं गाडीत पिशवी ठेवली. पुण्याजवळ आल्यावर पोरीनं उघडली तर वर पापड, खाली डझनभर केळी. मोठी, पिवळीधमक, एकसारखी. जळगावकडची, बाजारातून विकत आणलेली.